बाबांचा होकार

एडिनबरा, १४ नोव्हेंबर

प्रिय गॅविनदादा,

तुझा गुडघा आता कसा आहे? लोर्नावहिनीने डब्यातून दिलेलं माशाचं सूप मला दोन दिवस पुरलं. बाबांच्या थडग्याच्या दगडाचा नमुना आला. अक्षरं साधी ठेवलीस, तेच बरं.

तुझा बारा दिवसांपूर्वीचा निरोप मी लगेच वाचला होता, उत्तर मात्र दिलं नाही. "बाबा एवढंच म्हणाले?" कामात होते असं लिहिणार होते, पण स्वातंत्र्य खात्याच्या कनिष्ठ मंत्र्याला किती काम असतं ते तुला माहीत आहे. बाबाच म्हणायचे, "पोरी, जे नाहीच त्याची मंत्री झालीस, आता धूळ तरी कशावरची झटकणार?"

अंत्यविधीला आठवडाच झाला होता. सभागृहात विरोधी बाकावरून एकाने विचारलं, "मंत्रीबाई, देश राहू द्या, घरातलं एक तरी मत फिरवलंत का?" सगळे हसले. मी उठले. म्हणाले, "दोन हजार चौदाच्या सार्वमतात माझ्या वडिलांनी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याविरुद्ध मत दिलं. गेल्या महिन्यात इस्पितळात मी त्यांना विचारलं, आता होकार द्याल का? ते म्हणाले, हो."

हसू थांबलं. त्या माणसाने नंतर येऊन माझी माफी मागितली. मी ती स्वीकारली.

दादा, मी विचारलं हे खरं. ते "हो" म्हणाले हेही खरं. पुढचा शब्द मी गिळला.

ते म्हणाले, "हो, झालंच!" हवामानखात्याने ऊन सांगितलं की थट्टेने म्हणायचे, तसं. आपल्या बकी गावाचा फुटबॉल संघ यंदा जिंकणार म्हटलं की म्हणायचे, अगदी तसं. सिस्टरसुद्धा हसली. खोकला येईपर्यंत हसले बाबा, आणि मग म्हणाले, "चहा आण, मंत्रीबाई."

भाषणाच्या संध्याकाळी सभागृहाचा वृत्तांत लिहिणाऱ्यांनी माझं भाषण तपासायला पाठवलं. एकच शब्द वाढवायचा होता. मी "बरोबर आहे" असं कळवलं. मग पक्षाने पत्रक काढलं. बोटीवरचा बाबांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत "हो". फोटो मीच दिला, तुझ्याकडून आणलेल्या अल्बममधला. तो कशासाठी हवा हे तुला सांगितलं नव्हतं.

बाबा असते तर त्यांनी भर बंदरावर मला खोटी पाडली असती. ते नव्हते, म्हणून माझी हिंमत झाली. याहून वेगळं कारण मला शोधून सापडलं नाही.

उद्या दुपारी सभागृहात उभी राहून त्यांचं पूर्ण वाक्य वाचणार आहे. पद बहुधा जाईल. लोक हसतील. हसू देत, ते हसवायलाच बोलले होते.

पत्रकं परत घेता येणार नाहीत म्हणतात. म्हणून शनिवारी बकीला येते. जिथे ती वाटली त्या प्रत्येक दारात जाऊन सांगणार आहे. पहिलं दार तुझं. आत बोलावलंच पाहिजे असं नाही. उंबऱ्यावर सांगेन आणि शेजारच्या घरी जाईन.

बाबांचं बोलणं अर्धंच सांगितलेली,
तुझी बहीण,
ऐल्सा