सुमीची दोन पायांची म्हैस

वरवंड, सोमवार, १२ मे १९७५

नात सुमी शाळेतल्या शिबिरातून रडत आली. तिथं आधी कागदावर चित्र काढायचं, मग तेच मातीत करायचं. हिनं आमची म्हैस काढली, एका अंगानं दिसती तशी, दोनच पायांची. मातीतबी दोनच पाय लावले. म्हैस आडवी झाली आन् पोरं हसली. सुमी म्हणती, उद्या जाणार न्हाई.

म्हणलं, "हसू दे. त्यांच्या घरी काय सहा पायांच्या म्हशी हायेत?" तरी तोंड फुगलेलंच.

मग गोठ्यात नेली. डोळे मिटून म्हशीवरनं हात फिरवायला लावला. पाठ, पोट, पाय. पलीकडचे पाय हाताला लागले तशी म्हणती, "आज्जे, हे मी काढलेच न्हाईत."

चूल सारवायला कालवलेली माती पोरीनं न विचारता उचलली. चार जाड पायांची म्हैस केली. शिंगं वाकडी, पण उभी हाय. मी बोटानं ढकलून बघितली.

आता विचारती, म्हैस समोरनं कशी दिसती? तीस वर्षं म्हशींची धार काढली, पण म्हशीसमोर उभी राहून मी कवा बघितलं? पोरगी पाटी घेऊन परत गोठ्यात गेली.

उद्या जाणार का, ते विचारलं न्हाई. तिच्या डब्याची भाकरी मात्र लवकर थापायची हाय.