एक कडू ओळखू येत नाही

बाबा, नमस्कार.

पत्र फाडण्याआधी आतला कापसाचा बोळा हुंगून बघा.

हो, मी अजून बारमध्येच आहे. पण जेवण वेळेवर होतं, माणसंही चांगली आहेत. उंच ग्लासात बर्फ, कडू वनस्पतींचं मद्य, लिंबू आणि वर गार सोडा, असं एक पेय मी रोज करते. त्या मद्याची कृती म्हणे गुप्त! मी नुसत्या वासावर ज्येष्ठमध, दालचिनी आणि संत्र्याची साल ओळखली. मालकीणबाई बघतच राहिल्या.

"कुठे शिकलीस गं?"

"वडील वैद्य आहेत. खलबत्ता माझ्याकडेच असायचा."

एक कडू मात्र काही केल्या ओळखू येत नाही. काडेचिराईत नाही, गुळवेलही नाही. बोळा त्याच मद्यात बुडवलाय.

तुमचा खोकला कसा आहे? आता कुटायला कोण बसतं?

राग गेला नसेल, तर खुशाली कळवू नका. नुसतं त्या वनस्पतीचं नाव लिहून पाठवा.

तुमची धाकटी