निरोगी गटातली नळी

१४ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? सत्काराचं निमंत्रण मिळालं. काविळीचा विषाणू आणि त्यातून होणारा यकृताचा कॅन्सर, यामागे तुम्ही सगळी हयात घालवलीत, त्यावर मुलीने दोन शब्द बोलावेत असं तुमच्या विद्यार्थ्यांचं म्हणणं आहे. दोन शब्द माझ्याकडे आहेत, पण ते चारचौघांत ऐकवण्यासारखे नाहीत.

मागच्या आठवड्यात तुमच्या फ्रीजरमधल्या जुन्या रक्ताच्या नळ्या मी तुमच्याच कॅन्सरच्या चाचणीसाठी नव्या यंत्रावर लावल्या. रुग्णांचे आकडे वर, निरोगी माणसांचे खाली, अगदी तुम्ही छापलेत तसेच. निरोगी गटातली एकच नळी रुग्णांसारखी वर गेली. तुमच्या शोधनिबंधात ती नव्हतीच. मी हरखून तुम्हाला फोन केला. हे माणूस पुढे आजारी पडलं असेल, तर तुमची चाचणी कॅन्सर आधीच ओळखते. कुणाची हो ही नळी?

तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईची. ती वगळ."

निरोगी माणसं कमी पडत होती म्हणून तुम्ही तिला लॅबमध्ये नेलं होतंत. ठेवणीतलं कानातलं घालून निघाली होती. रक्त द्यायला कुणी नटतं का, म्हणून आपण दोघांनी तिची टर उडवली. तुमच्या कामाला आपला हातभार लागतोय, याचंच तिला कोण कौतुक.

निरोगी माणसाचा आकडा एवढा येतच नाही, नमुना खराब झाला असेल असं वाटलं, म्हणालात. वाटलं ना? मग पुन्हा रक्त घ्यायचं होतं. ती काय परगावी होती? रोज तुम्हाला जेवायला वाढत होती. पण पुन्हा तोच आकडा आला असता तर आलेख बिघडला असता. दोन वर्षांनी तिची यकृतातली गाठ सापडली आणि ती गेली, तेव्हा मी तुमच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्याचा आज मला संताप येतो.

हे छापलं तर तुमच्या कामाची माती होईल, ही तुमची भीती. नाही होणार. चाचणी खरीच होती, बाबा. तुम्हीच तिच्यावर विश्वास ठेवला नाहीत.

माझा शोधनिबंध मी काल छापायला पाठवला. नियमाप्रमाणे त्यात आईचं नाव नाही. 'निरोगी महिला, दोन वर्षांनी यकृताचा कॅन्सर', एवढंच. ही कोण, हे ओळखणारी माणसं दोनच. त्यातलं एक यापुढे तुमच्याशी बोलणार नाही.

फक्त आईची,
चिमी