पेशींची काटकसर

२४ जुलै २००६, सोमवार
वाण्याकडून आलं: साबुदाणा दोन किलो, ६४ रु. शेंगदाणे एक किलो, ४४ रु. डालडा अर्धा किलो, ३१ रु. ज्ञानदा, थोरल्या जावेची मुलगी, एमएस्सीला: दोन कप चहा, वर लेक्चर. पेशीत म्हणे धागे असतात, त्यांच्या टोकांना टेलोमिअर. एका पेशीच्या दोन झाल्या की टोक झिजतं, परकराच्या नाडीसारखं. टोकं आखूड झाली की रक्तवाहिन्यांची डागडुजी होत नाही, त्या म्हाताऱ्या होतात, चोंदतात. वर कार्टी म्हणते, "काकू, आईची टोकं लांब असणार. रोज चालते ना!" तिची आई, लतिकावहिनी, माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. केस रंगवतात. गेल्या हळदीकुंकवाला एकीने मला त्यांची थोरली बहीण ठरवलं, विसरलेले नाही.
संकल्प: साबण, गॅस, तेल जन्मभर पुरवून वापरलं. आता पेशी पुरवून वापरायच्या.

३१ जुलै, पहिला श्रावणी सोमवार
उपवास. खिचडी दोन वेळा, तळलेल्या पापड्या (परवाचंच तेल, गाळून). पेशींना सुट्टी. प्रेशरची गोळी उपवासाला चालत नाही. सोमवार, शनिवार, एकादशी, संकष्टी धरून पट्टी बरीच पुरेल. टोकं वाढत असल्याचं जाणवतं.

५ ऑगस्ट
दत्ताला जाताना डावी पोटरी वळली. मारुतीपाशी थांबून हात जोडले, लगेच सुटली. कृपा! वहिनी तिकडे त्यांच्या मनवेलपाड्यात एकाही देवापाशी न थांबता भराभरा चालतात म्हणे.

१२ ऑगस्ट, संकष्टी
आता मारुती, पिंपळ, मधला क्रूस, तिन्हीपाशी थांबते. भक्ती वाढतेय. भाजीवाली सेलिन भर रस्त्यात, "काय गो बाय, रोज आमच्या क्रुसाला हात जोडतेस, चर्चमध्ये नाव घालू?" बायका खिदळल्या. मग हळूच, "माज्या नवऱ्याचा पाय असाच धरायचा. मंग अंगठा काळा पडला. कोनाला सांगू नको, पन डाक्टरला दाव." मी म्हटलं, देव सगळ्यांचा. तिची भाजी बंद.

१८ ऑगस्ट
क्रुसाच्या पुढे पोटरी वळली, तिथे देव काहीच नाही. विजेच्या खांबाला हात जोडले. हे मागून येत होते. त्यांनी रिक्षा थांबवली.

१९ ऑगस्ट
डॉ. ऑगस्टीननी प्रेशर दंडाला मोजलं, मग घोट्याला. घोट्याचं निम्मं. पायाची धमनी चोंदलीय.
"वय?"
"एकावन्न."
"धमनी सत्तरची आहे."
टेलोमिअरचं विचारलं. म्हणाले, "ते मोजायला माझ्याकडे काही नाही, बाई. गोळी रोज, उपवास असो नसो. डालडा बंद. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. नाहीतर पाय घालवून बसाल." आणि एकटीने चालायचं नाही. हे पहाटेच कामाला जातात. सेलिनशी अबोला. उरलं कोण?

२१ ऑगस्ट, शेवटचा सोमवार
गोळी घेतली. फोन उचलला, ठेवला. फोनवर वहिनींचं हसू ऐकू येतं, पोस्टकार्डात येत नाही. नक्कल:
"ती. सौ. वहिनींना सा. न. आपण या वयात एकट्याच चालता, मला घोर लागतो. महिनाभर इकडे आमच्याकडे गासला येऊन राहावं, मी सोबत चालेन. जरा सावकाश चालावं लागेल, मध्ये मध्ये थांबावंही लागेल. ज्ञानदाला सांगू नये. येताय की नाही, उलट टपाली कळवा."