वीतभर शिवण

प्रिय बडबडे,

उरूस पार पडला. फोनवर नुसतं 'झकास झाला' म्हणाले, कारण शेजारी तुझी अम्मी कान देऊन बसली होती. आता सविस्तर लिहिते. दर्ग्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याचं टेबल चर्चमधल्या बाईंनी सांभाळलं. देवळातल्या पुजारीकाकांनी यंदाही हट्टाने चपलांचं काम घेतलं आणि यंदाही घोळ घातला. तुझे अब्बा दर्ग्याचे मुजावर, पण अनवाणी घरी गेले.

मजारीवरची चादर आमच्याच दुकानात शिवली. बाबांमागे मशीन माझ्याकडे आलं, तसा हा मानही. कडेची वीतभर शिवण उघडी ठेवायची आणि ती मजारीच्या दाराशी बसून तुमच्या घरच्या बाईने हाताने घालायची, हे तुला मी काय सांगू? आपल्या जन्माआधीपासून असंच चालत आलंय.

यंदाही अम्मी बसली. सुई मला ओवायला लावली. म्हणाली, उन्हाने डोळे दिपतात. हात मात्र झरझर चालला. टाके संपवून ती उठली, तर चादर तिच्याबरोबर उठली. आपली हिरवी ओढणीच तिने चादरीला शिवून टाकली होती! सगळे पोट धरून हसले, तीही हसली. मी तिचा हात धरला, तर गार पडलेला. मी टाके उसवायला लागले, तर तिने अडवलं आणि ओढणीच कापायला लावली. हळूच म्हणाली, "राहू दे गं. तेवढा तुकडा माझ्या वतीने तिथे बसेल."

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. एक डोळा कधीच गेलाय, तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. दुसराही चाललाय. औषधाने थोडे महिने मिळतील, जास्त नाही. व्हिडिओ कॉलवर ती दर वेळी तुला 'बारीक झालीस' म्हणते ना, ते न बघताच म्हणते. नव्या नोकरीत तुझा जीव टांगणीला नको, म्हणून फोनवर चकार शब्द काढायचा नाही अशी शपथ तिने मला घातली. मी ती पाळलीय. पत्राचं तिच्या ध्यानात आलं नाही. मला फार भीती वाटतेय गं. पुढच्या उरुसाची वाट बघू नकोस, आत्ताच निघ. तिला अजून दिसतं, फक्त तुला तोंड अगदी जवळ न्यावं लागेल.

तुझीच,
मशीनवाली