नाव येणार नाही

३ ऑगस्ट, सकाळी ७
आजपासून पॉडकास्ट. सामाजिक प्रश्न अधिक सर्जनशीलता. दर शनिवारी एक भाग, न चुकता. विद्यापीठ गदागदा हलवायचं. एडिटिंग चष्मा करणार (माझी लॅब पार्टनर, चष्मा मलाही आहे, पण तिचा जाड). ती म्हणाली, आधी विषय तरी ठरव. तांत्रिक माणसांना दूरदृष्टी कमीच.

१७ ऑगस्ट
दोन शनिवार गेले. दोष माझा नाही. एकदा घसा, एकदा ट्यून. ट्यून मात्र उत्तम झाली आहे. फक्त भाग नाही.

२२ ऑगस्ट
विषय चालून आला. आमच्या केमिस्ट्री लॅबचे काका, नोकरीला बावीस वर्षं. म्हणाले, केमिकल ठेवायच्या कोठीतला एक्झॉस्ट पंखा आठ महिने बंद आहे. बाटल्यांची झाकणं गळतात, आत गेलं की डोळे चुरचुरतात. तरी रजिस्टरमध्ये रोज ‘पंखा चालू’ लिहून सही करायची. वरून हुकूम, तोंडी. एक दिवस पोरं जिवानिशी जातील म्हणून बोलतोय, म्हणाले, पण माझं नाव येऊ देऊ नकोस बाबा. नोकरी गेली तर क्वार्टर जाईल, आणि बायको अंथरुणाला खिळलेली.
मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. माइक चालूच होता, त्यामुळे शब्दही रेकॉर्ड झाला. छान आलाय.

२९ ऑगस्ट
चष्मा म्हणते, आवाज बदलून काय उपयोग, कोठीची किल्ली एकाच माणसाकडे असते. म्हटलं, श्रोता इतका खोलात जात नाही. निदान ‘बावीस वर्षं’ तरी काढ, म्हणाली. काढलं तर काळजाला कसं भिडणार? ठेवलं.

३१ ऑगस्ट, दुपारी
भाग गेला. एक्केचाळीस वेळा ऐकला गेला. त्यातल्या एकोणीस वेळा मी.

२ सप्टेंबर
उरलेल्यांत कुलसचिवांचं ऑफिस निघालं. बोलावणं आलं. चहा, बिस्किटं. साहेब फार हळू बोलतात. म्हणाले, तुमच्यासारखी मुलं हवीत, विद्यापीठाचा अधिकृत पॉडकास्ट सांभाळाल का. काकांचं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. फक्त मूळ रेकॉर्डिंग मागितलं, संग्रहासाठी. पेनड्राइव्ह दिला. तो त्यांनी खिशात ठेवला, ड्रॉवरमध्ये नाही.

४ सप्टेंबर
चष्माला सगळं सांगितलं. तिनं लॅपटॉप मिटला आणि गेली. मत्सर माणसाला कुठे नेतो बघा.

९ सप्टेंबर
कोठीला नवं कुलूप. काका दिसत नाहीत. रजेवर असतील, बावीस वर्षांची साठली असेल. पॅसेजमध्ये कसलासा वास येतो. रंगाचा असावा. रंगकाम कुठे चाललंय ते मात्र दिसलं नाही.

१२ सप्टेंबर
रजा नाही, निलंबन. आठ महिने खोट्या सह्या केल्याबद्दल. पुरावा म्हणून त्यांचाच आवाज, न बदललेला. आठवड्यात क्वार्टर सोडायचं.
माझं नेमणुकीचं पत्रही आजच आलं. पहिला विषय दिलाय: सर्जनशीलता आणि शिस्त. मी आत राहून बदल घडवणार आहे.
जेवण गेलं नाही. मेसचं जेवणच तसं.

१५ सप्टेंबर, संध्याकाळी ६
काकांच्या क्वार्टरवर गेलो. माफी मागायची आणि तीच रेकॉर्ड करायची, असा बेत. अशी माफी ऐकून समाज शिकतो.
दारात सामानाची खोकी. काका दोरी आवळत होते. वर बघून म्हणाले, ते मशीन बाहेर ठेव आणि आत ये. हिला गाडीत झोपवायचंय, एकट्याला जमत नाही.
ठेवलं. चादरीसकट उचललं. काका डोक्याकडे, मी पायांकडे. काकूंना काहीच वजन नाही. त्यांनी विचारलं, हा कोण. काका म्हणाले, आमच्याकडचा विद्यार्थी आहे, मदतीला आलाय.
गाडीचं दार लावताना काकांनी विचारलं, प्रॅक्टिकल कधी आहे तुझं. मंगळवारी, म्हटलं. म्हणाले, पंखा अजून बंदच आहे, नव्या माणसानं पहिल्याच दिवशी सही केली. तू आणि ती चष्मेवाली खिडकीजवळच्या टेबलापाशी उभे राहा.
बरं म्हटलं.