सरांच्या सत्काराचा हार

आई,

आज तुला लिहायला बसले त्याला कारण टीव्ही आहे. काल रात्री जेवताना कुणा एका नटीची मुलाखत चालू होती. बाई आता साठीच्या घरात आलेली. नवी होती तेव्हा एका मोठ्या दिग्दर्शकानं आपल्याशी काय केलं, ते सांगत होती. सांगता सांगता थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा सुरू करायची. आमच्याकडे ताटावर न्यायाधीश बसलेले. मुलगा म्हणाला, "आता कामं मिळत नसतील, म्हणून आठवलं." सून म्हणाली, "इतकी वर्षं काय मिठाची गुळणी धरून बसली होती का?" शेजारच्या काकू विरजण न्यायला आल्या होत्या, त्यांनी उभ्याउभ्याच निकाल दिला, "टाळी एका हातानं वाजत नाही हो." सगळी माझीच माणसं, आणि चांगली माणसं आहेत गं. मी भाकरी वाढत राहिले. त्यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. सगळी मी नाशकात ऐकली होती, आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती तेव्हा, आणि ती माझ्याबद्दल होती.

नाटकाचं वेड घरात आणलं ते तू. मळा आपला गंगापूर रस्त्याला, पाटाच्या पलीकडे. शेवंती, झेंडू आणि एका कोपऱ्यात निशिगंध. पहाटे दादा सायकलवर पाट्या लादून तुला फुलबाजारात सोडायचे आणि तसेच ओझरच्या कारखान्याची बस पकडायला जायचे. शहरात कुठंही नाटक असलं की हार-गजरे तुझ्याकडचे. हार पोचवायचं निमित्त करून तू जायचीस आणि विंगेत उभी राहून तिन्ही अंक बघून यायचीस. दुसऱ्या दिवशी फुलं ओवताना सगळं नाटक पुन्हा व्हायचं, ओट्यावर, तुझ्या एकटीचं. नायिकेपेक्षा खलनायकाचं काम तुला जास्त आवडायचं. भुवई वर चढवून तू असं काही बोलायचीस की दादा म्हणायचे, "हिला माझ्या गळ्यात बांधण्यापेक्षा नाटक मंडळीत द्यायला पाहिजे होती." तू हसायचीस. मला वाटतं, ते तुला खरंच वाटत होतं.

म्हणून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी संमेलनात काम केलं आणि ते बघून सर आपल्या मळ्यात आले, तेव्हा माझ्यापेक्षा तुलाच जास्त आनंद झाला. सर म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. दिवसा बँकेत अधिकारी, संध्याकाळी हौशी संस्थेचे दिग्दर्शक. पांढरा झब्बा, हळू बोलणं. तुला ते 'मावशी' म्हणायचे. तू ठेवणीतली कपबशी काढलीस आणि चहा देता देता अट घातलीस, "सर, पोर तुमच्या भरवशावर देते. तालीम झाली का तुम्ही स्वतः दारात आणून सोडायची. दुसऱ्या कुणाबरोबर नाय." तेव्हा नाटकात काम करणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी हीच अट असे. दिग्दर्शकानं स्वतः सोडायचं. म्हणजे घरच्यांना घोर नाही आणि लोकांना बोलायला जागा नाही. सरांनी छातीवर हात ठेवला. "मावशी, मला मुलीसारखी." तेव्हापासून तालीम असली की तू चहाचं आधण ठेवून ओट्यावर वाट बघत बसायचीस. स्कूटरचा दिवा दिसला की उठायचीस. बाजारात बायका म्हणायच्या, केवढी काळजी घेते पोरीची. काळजी घेतच होतीस, आई. त्यात खोट नव्हती.

पाटाच्या पुलाजवळ स्कूटर बंद पडायला लागली. पहिल्या एक-दोन वेळा खरंच बंद पडली असेल. पुढचं सगळं मी इथेही लिहिणार नाही. तुला सांगितलं होतं तेवढंच लिहिते. शेवंती खुडताना, तुझ्याकडे पाठ करून मी म्हणाले होते, "स्कूटर बंद पडत नाही, ते बंद करतात. आणि मला हात लावतात. नको म्हटलं तरी." तुझे हात थांबले. मग म्हणालीस, "मागं बसताना पिशवी मधी ठेवत जा."

मी पिशवी मध्ये ठेवायला लागले. जाडजूड, कॉलेजची पुस्तकं भरलेली. तिचा काय उपयोग व्हायचा? एका संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालीम संपली, संस्थेचे चिटणीस नेहमीसारखे म्हणाले, "सर, हिला तेवढं सोडून या." आणि माझ्या तोंडून सगळ्यांसमोर निघून गेलं. आवाज मोठा लागला, कारण सरांनीच तो शिकवला होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे म्हणून. "मला सर सोडायला नकोत. ते वाटेत स्कूटर बंद करतात." सगळे जागच्या जागी उभे. नाटकात माझ्या प्रियकराचं काम करणारा मुलगा खाली बघून चपलेचा अंगठा नीट करायला लागला. कुणीतरी फिसकन हसलं. सर मात्र अजिबात चिडले नाहीत. माझ्याकडे मायेनं बघून सगळ्यांना म्हणाले, "नाटक डोक्यात गेलंय पोरीच्या. दोन दिवस विश्रांती द्या तिला." तेवढ्यावरच संपलं. दोन दिवसांनी माझ्या जागी दुसरी मुलगी आली.

मग गाव बोलायला लागलं. चिटणीस आपल्याकडे येऊन गेले. म्हणाले, स्पर्धा तोंडावर आली आहे, संस्थेच्या नावाचा तरी विचार करायचा. त्यांच्याबरोबर संस्थेतल्या एक जुन्या नटी होत्या, नाटकांत आईची कामं करणाऱ्या. त्या मला विहिरीकडे घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, आम्ही का कमी सोसलंय? बोलायचं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हणजे त्यांना माहीत होतं! मला तेव्हा त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि त्यांना विहिरीत ढकलावंसंही वाटलं. कॉलेजची पोरं मी दिसले की स्कूटरला किक मारल्यासारखा पाय झाडायची आणि ओरडायची, "बंद पडली रे, बंद पडली!" गावातल्या साप्ताहिकात कलेच्या मंदिरावर शिंतोडे उडवणाऱ्यांविषयी एक लेख आला. नाव नव्हतं, पण नाव लागतच नव्हतं. दादा एवढंच म्हणाले, "मी बसमधी चढलो का बोलणं बंद व्हतं." आणि सगळ्यांच्या तोंडी पुरावा एकच. रोज त्याच्याच स्कूटरवर बसून यायची की! आई दारात चहा घेऊन उभी असायची! तू माझ्या रक्षणासाठी घातलेली अट माझ्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली. तुला ते बाजारात रोज ऐकावं लागत होतं, हे मला माहीत होतं. तू घरी यायचीस, पदरानं तोंड पुसायचीस आणि चुलीपुढे बसायचीस.

नाटक स्पर्धेत पहिलं आलं. गावानं सरांचा जाहीर सत्कार ठरवला आणि मोठ्या हाराची मागणी आली तुझ्याकडे. आजही तो दुपारचा ओटा मला जसाच्या तसा दिसतो. तू निशिगंध निवडत बसली आहेस. मी दारात उभी आहे.

"देणार आहेस तू हार?"

"देणार."

"आई, त्या माणसाला?"

"नाय दिला तर लोक म्हणतील, काहीतरी झालंच आसंल. दिला म्हंजे म्हणतील, काय बी झालं नाय. तुझं लग्न व्हायचंय अजून." मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू पण चल संगं. ताठ मानेनं बस. तोंडं आपोआप बंद व्हतील."

तुझा हिशोब मला पटला नाही. तरी मी आले, कारण तू एकटी जाऊ नयेस असं वाटलं. मी शेवटच्या रांगेत बसले. तू नेहमीसारखी विंगेत, टोपली घेऊन. भाषणं झाली. मग चिटणीस माईकपुढे आले आणि म्हणाले, ज्यांच्या घराच्या नावानं गावात काही गैरसमज पसरवले गेले, त्या माउलीच्याच हातून सरांना हार घालावा अशी संस्थेची इच्छा आहे. तुला हे आधी माहीत नव्हतं. मी तुझा चेहरा लांबून पाहिला, तुला माहीत नव्हतं. आणि तरी मी मनात म्हटलं, आता आई बोलणार. ओट्यावर खलनायकाची पानंच्या पानं बोलणारी माझी आई. एक 'नाय' म्हणेल, हार टेबलावर ठेवेल आणि माझ्याकडे चालत येईल. तू पदराला हात पुसलेस. हार उचललास. ते तुझ्यासाठी वाकले, कारण तू ठेंगणी होतीस, आणि तू तो त्यांच्या गळ्यात घातलास. टाळ्या पडल्या. मग ते तुझ्या पाया पडले, आणि टाळ्या थांबेचनात. माझ्या पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा, केवढा मोठा माणूस!"

घरी येताना आपण पाटाच्या पुलावरून चालत आलो. तू म्हणालीस, "मी काय करू गं? समदे बघत व्हते." मी भराभर चालायला लागले. पुढची कित्येक वर्षं मी तुझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

तोंडं बंद झाली नाहीत. उलट आता लोकांना पक्का पुरावा सापडला. आईनंच हार घातला, मग पोरगी खोटारडी. नाशकातलं एकही स्थळ उभं राहिना. शेवटी तू मला इकडे देवळ्याला दिलीस, कांद्याच्या गावात, जिथे संस्थेचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. नवरा भला मिळाला. शाळेत नोकरी मिळाली. दर वर्षी मुलांचं नाटक मी बसवायचे, आणि तू लग्नसराईत फुलबाजार सोडूनसुद्धा एस.टी.नं यायचीस ते बघायला. पहिल्या रांगेत बसून मुलांचे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणायचीस. मी पडद्याआडून तुला बघायचे. आणि तरी संमेलन संपल्यावर तुझ्याशेजारी येऊन बसायला मी मुद्दाम उशीर करायचे.

शेवटच्या आजारात तू विचारलंस, "तुला राग हाय का माझा?" मी उशी सारखी करत म्हटलं, "नाही गं. कसला राग?" राग होता, आई. आणि लाज वाटते सांगायला, सरांवर होता त्यापेक्षा तो तुझ्यावर जास्त होता. ते गेले तेव्हा पेपरात मोठं छापून आलं होतं. मी वाचलं आणि डब्याखाली अंथरलं. पण तुझे ते पदराला पुसलेले हात मला अजून झोपू देत नाहीत. बरीच वर्षं मी समजत होते की तुझा माझ्यावर विश्वास नव्हता. आता माझे केस पिकल्यावर कळतं की तू पहिल्या क्षणापासून विश्वास ठेवला होतास. जिला खोटं वाटतं ती आई म्हणते, काहीतरी बरळू नकोस. पिशवी मधी ठेव, असं जिला सगळं ठाऊक आहे तीच म्हणते. कदाचित तुलाही कधीतरी कुणीतरी तेवढंच सांगितलं असेल. तुला खरं माहीत होतं आणि तरी तू हार घातलास, हे मला कळतं, पण पचत नाही. मला तुझ्याकडून भांडण नको होतं, पोलीस नको होते. दार लावून, कुणी ऐकत नसताना, "तू म्हणतीस ते खरं हाय" एवढं म्हणाली असतीस तर मला पुरलं असतं. तू वाट बघत होतीस का, मी पुन्हा विषय काढीन म्हणून? मीही तुझीच वाट बघत होते. आणि तू गेलीस.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा घडी करून फाडून टाकीन. पण एक सांगायचं राहिलं. शाळेत तुला न ओळखणारे लोक विचारायचे, "बाई, एवढं छान बसवता, तुम्ही नाटक का सोडलं?" मी ठरलेलं उत्तर द्यायचे. परवा नातीला कॉलेजच्या एकांकिकेत काम मिळालं. नाचत घरी आली आणि तिनंही तेच विचारलं. मी तिलाही म्हटलं, "माझ्या आईला नाटक आवडायचं नाही." ती म्हणाली, "शी, किती जुन्या विचारांची होती गं पणजी!"

मी हो म्हटलं.